शब्द दिला तो कुणासमोर

११ ऑगस्ट २०२५ रोजी अमृतसरच्या बुर्ज अकाली फूलासिंग गुरुद्वाऱ्यात जमलेल्या अकाली प्रतिनिधींनी ज्ञानी हरप्रीतसिंग यांना आपल्या गटाचे अध्यक्ष निवडले. हरप्रीतसिंग हे साधे कार्यकर्ते नव्हेत. गुरबाणीचे अभ्यासक आणि कथाकार म्हणून ते नावारूपाला आले, तख्त दमदमा साहिब या धर्मपीठाचे जथेदार, म्हणजे प्रमुख, झाले आणि काही वर्षे अकाल तख्ताचा कारभारही त्यांच्याकडे होता. २ डिसेंबर २०२४ रोजी अकाल तख्ताच्या सज्जातून ज्या पाच सिंग साहिबांनी अकाली नेते सुखबीरसिंग बादल आणि माजी अकाली मंत्र्यांना 'तनखा', म्हणजे धार्मिक प्रायश्चित्त, सुनावले त्या पाचांत ते एक होते. त्या दिवशी सुखबीर यांचे दिवंगत वडील प्रकाशसिंग बादल यांना दिलेला 'फख्र-ए-कौम' हा किताबही काढून घेण्यात आला. पाय प्लास्टरमध्ये असलेले सुखबीर चाकांच्या खुर्चीत, सेवादाराचा निळा वेश घालून, हातात भाला आणि गळ्यात पाटी अडकवून सुवर्णमंदिराच्या दारात बसले. ४ डिसेंबरला त्याच दारात त्यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न झाला आणि साध्या वेशातल्या पोलिसाच्या सावधपणामुळे ते बचावले.

नंतरचे महिने मात्र अस्वस्थ करणारे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने हरप्रीतसिंग यांना तक्रारींच्या चौकशीनंतर पदावरून दूर केले. ७ मार्चला अकाल तख्ताचे जथेदार ज्ञानी रघबीरसिंग आणि तख्त केसगढ साहिबचे ज्ञानी सुलतानसिंग यांनाही हटवले. शिक्षा सुनावणाऱ्यांपैकी तिघांची पदे सुमारे तीन महिन्यांत गेली. त्यांतले एक पाच महिन्यांनी बादल यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटाचे प्रमुख झाले. बादलांच्या बाजूचे म्हणू लागले की न्यायासनावर बसलेला माणूस मुळात राजकारणीच होता. विरोधक म्हणत होते की न्याय केल्याची शिक्षा न्यायाधीशांना मिळाली, मग त्यांनी रस्त्यावर उतरू नये तर काय करावे?

हा वाद एका माणसापुरता नाही. धर्मप्रचारक राजकारणात उतरला की त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा शीख समाजापुढचा किमान शंभर वर्षांचा प्रश्न आहे. धर्माच्या माणसाने राजकारणात पडू नये असे म्हणून आपण महाराष्ट्रात बहुतेकदा मोकळे होतो. शीख परंपरेत ते उत्तर चालत नाही.

गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्यानंतर, १६०६ मध्ये, गुरू हरगोबिंदांनी दोन तलवारी धारण केल्या. एक ऐहिक सत्तेची, एक आध्यात्मिक सत्तेची. हरिमंदिरासमोर त्यांनी अकाल तख्त उभारले. त्याआधी गुरू नानकांनीही बाबराच्या स्वारीतल्या कत्तलींवर बोलायचे टाळले नव्हते. राज्यकर्त्याला जाब विचारणे हे शीख प्रचारकाचे धर्मकर्तव्यच मानले गेले. अकाली फूलासिंगांनी अकाल तख्तावरून महाराजा रणजितसिंगांना फटक्यांची शिक्षा सुनावली आणि महाराजांनी पाठ उघडी केली, ही कथा पंजाबात आजही सांगितली जाते ती याच कारणाने. तेव्हा प्रचारक राजकारणात गेला का, हा तिथे प्रश्नच होत नाही. गेल्यावर तो कुणाला बांधील राहिला, एवढेच विचारले जाते.

बांधिलकीचे उत्तर परंपरेने दिले आहे आणि ते आपल्या नांदेडात दिले गेले. १७०८ मध्ये गोदावरीकाठी देह ठेवण्यापूर्वी गुरू गोबिंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली आणि गुरुपद ग्रंथाकडे दिले, असे शीख मानतात. त्यानंतर कितीही मोठा संत, ज्ञानी किंवा जथेदार असला तरी तो ग्रंथासमोर उभा राहणारा एक शीख. शिखांत पुरोहितांची जात नाही. ग्रंथी, रागी, कथावाचक, ढाडी ही कामे आहेत, अधिकार नव्हेत. अधिकार गुरू ग्रंथ साहिबचा आणि संगतीचा. म्हणूनच अरदासीला एवढे वजन. ग्रंथासमोर उभे राहून, संगतीच्या साक्षीने, हात जोडून केलेली ती प्रार्थना, आणि तिच्यात उच्चारलेला संकल्प. अकाल तख्तावर अरदास करून माणूस मोर्चाला निघाला की तो शब्द पक्षाला दिलेला नसतो. तो गुरूला दिलेला असतो.

या कसोटीला उतरलेले प्रचारक होऊन गेले. १९१९ मध्ये सुवर्णमंदिराचा कारभार सरकारने नेमलेल्या सरबराहकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे, होता, आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्या सरबराहने, अरूरसिंगने, जनरल डायरला सिरोपा, म्हणजे मानाचे वस्त्र, देऊन गौरवले. पुजाऱ्यांची उरलीसुरली पत तिथे संपली. १२ ऑक्टोबर १९२० रोजी दलित समाजातून आलेले अमृतधारी शीख कडाह प्रसाद घेऊन दरबारात आले. पुजाऱ्यांनी आधी तो स्वीकारायला नकार दिला, पण ग्रंथातून आलेला हुकूम त्यांच्या विरुद्ध गेला. थोड्याच वेळात अकाल तख्ताचे पुजारी आसन सोडून गेले. रिकामे तख्त ताब्यात घेणाऱ्यांत कर्तारसिंग झब्बर होते, गावोगाव फिरणारे प्रचारक. पुढच्या फेब्रुवारीत ननकाना साहिबला महंताच्या गुंडांनी शांततेने आलेल्या शिखांची कत्तल केली तेव्हा झब्बर जथा घेऊन तिथे पोहोचले आणि गुरुद्वाऱ्याच्या किल्ल्या घेतल्याशिवाय हलले नाहीत. त्या चळवळीतून प्रबंधक समिती उभी राहिली, अकाली दल उभे राहिले आणि १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला. या लोकांकडे पद नव्हते, पगार नव्हता, आणि जे बोलले ते त्यांनी अंगावर घेतले.

या कसोटीचा खरा कस मात्र लागला तो साठच्या दशकात, संत फतेहसिंग यांच्या आयुष्यात. त्यांच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे, कारण चांगला माणूस या कसोटीत कसा अडकतो हे त्यांच्याइतके स्पष्टपणे कुणाच्या आयुष्यात दिसत नाही.

फतेहसिंग १९११ चे. औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. राजस्थानच्या गंगानगर भागात नव्याने वसलेल्या शीख शेतकऱ्यांत त्यांनी अनेक वर्षे काम केले. गुरुद्वारे बांधले, शाळा काढल्या, मुलांना गुरबाणी शिकवली. बुड्ढा जोहड इथला भव्य गुरुद्वारा त्यांच्या आणि संत चन्ननसिंग यांच्या श्रमातून उभा राहिला. हरिमंदिर विटाळणाऱ्या मस्सा रंगडचे शीर १७४० मध्ये मेहताबसिंग आणि सुक्खासिंग यांनी आणले ते याच जागी. फतेहसिंगांची पत ही या वर्षानुवर्षांच्या सेवेतून साठलेली पुंजी होती. अकाली राजकारणाने त्यांना बोलावले ते या पुंजीसाठीच.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात झाले. भाषावार राज्याच्या मागणीत पंजाब एकटा मागे राहिला आणि तिथला असंतोष भडकला. त्याच महिन्यात अकाली नेते मास्टर तारासिंग यांना अटक झाली आणि पंजाबी सुब्याच्या, म्हणजे पंजाबी भाषिक राज्याच्या, आंदोलनाची धुरा फतेहसिंगांकडे आली. त्यांनी एक गोष्ट मोठ्या समजुतीने केली. मागणी शीख बहुसंख्येची नाही, पंजाबी भाषेची आहे, असे ते सांगत राहिले. बलदेव राज नायर या अभ्यासकाने अकाली राजकारणावरच्या १९६६ सालच्या पुस्तकात या फरकाचे महत्त्व दाखवले आहे. शहरी, खत्री, शिक्षक असलेल्या तारासिंगांपेक्षा हा खेडवळ संत पंजाबच्या माळव्यातल्या जाट शेतकऱ्याला आपला वाटला आणि दिल्लीलाही ऐकण्याजोगा वाटला.

मग उपोषणे सुरू झाली. १८ डिसेंबर १९६० ला फतेहसिंग उपोषणाला बसले आणि मागणी मान्य न होताच ९ जानेवारीला ते सुटले. १५ ऑगस्ट १९६१ ला तारासिंग स्वतः बसले, आणि ४८ दिवसांनी तेही मागणीविना उठले. दोघांनी अकाल तख्तावर अरदास केली होती. पंथाने हे सोडून दिले नाही. निवाड्यासाठी पाच प्यारे, म्हणजे पाच अमृतधारी शीख, बसवले गेले, चौकशी झाली, तारासिंग दोषी ठरले. सत्तरी ओलांडलेला, दशकानुदशके शिखांचा सर्वांत मोठा नेता असलेला हा माणूस पाच दिवस संगतीचे जोडे साफ करत आणि लंगरची भांडी घासत बसला. फतेहसिंगांनाही तनखा लागली, सौम्य. शिक्षा भोगल्यावर पाप फिटले, पण विश्वास परतला नाही. १९६५ च्या प्रबंधक समितीच्या निवडणुकीत तारासिंगांचा गट हरला आणि फतेहसिंगांचा जिंकला.

विजयी संताने आता पणाला लावली ती आपली काया. १० सप्टेंबर १९६५ पासून उपोषण आणि पंधरवड्यानंतर आत्मदहन, अशी घोषणा झाली. ऐन वेळी पाकिस्तानशी युद्ध पेटले आणि त्यांनी ते स्थगित केले. देशाने आदराने पाहिले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाब राज्य झाले, पण चंदीगड आणि भाक्रा धरण केंद्राकडेच राहिले. १७ डिसेंबरला फतेहसिंग पुन्हा बसले. आत्मदहनाचा दिवस ठरला २७ डिसेंबर, आणि अकाल तख्ताच्या छतावर अग्निकुंडे बांधली गेली. अखेरच्या घटकेला लोकसभेचे अध्यक्ष हुकमसिंग विमानाने अमृतसरला आले. इंदिरा गांधी लवाद करतील असा निरोप त्यांनी आणला आणि संतांनी उपोषण सोडले. चंदीगड मिळाले नाही. आजही मिळालेले नाही.

एका माणसाचा जीव वाचला याचा खेद कुणी करावा असे मी म्हणणार नाही. तो वाचायलाच हवा होता. पण ती कुंडे अकाल तख्ताच्या छतावर होती आणि तो शब्द गुरूला दिलेला होता. १९६७ मध्ये अकालींची सरकारे आली. फतेहसिंगांनी स्वतः मंत्रिपद घेतले नाही, पण मुख्यमंत्री कोण राहणार आणि कोण जाणार यात त्यांचा शब्द चालू लागला. मग कुंडांची आठवण लोकांना अधिकच बोचू लागली.

ती एका म्हाताऱ्याला सहन झाली नाही. दर्शनसिंग फेरुमान हे १९२० च्या दशकातल्या गुरुद्वारा चळवळीत तुरुंग भोगलेले, पुढे राज्यसभेत बसलेले, नंतर स्वतंत्र पक्षात गेलेले गृहस्थ. वय ऐंशीच्या पुढे. प्रचारक नव्हे, संतही नव्हे. अकाल तख्तावर केलेली अरदास नेत्यांनी मोडली, ती कुणीतरी पुरी केली पाहिजे, असे म्हणून ते १५ ऑगस्ट १९६९ ला उपोषणाला बसले. सरकारने अटक केली, समजूत काढली. त्यांनी अन्न घेतले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी, ७४ व्या दिवशी, त्यांनी प्राण सोडला. अशा मृत्यूचे गौरवीकरण मला मान्य नाही. तरी फेरुमानांनी काय केले हे समजून घेतले पाहिजे. त्यांनी फतेहसिंगांची संतपणाची खूण हिरावून घेतली. त्यानंतर जानेवारी १९७० मध्ये फतेहसिंगांनी पुन्हा उपोषण आणि आत्मदहनाची घोषणा केली, २९ जानेवारीला केंद्राने चंदीगड पंजाबला आणि फाजिल्का-अबोहरचा भाग हरियाणाला देण्याचा निर्णय दिला आणि उपोषण सुटले. तेव्हा पूर्वीचा तो श्वास रोखलेला जनसमुदाय राहिला नव्हता. १९७२ मध्ये संत वारले. राजकारणातली बारा वर्षे सोडली तर गंगानगरच्या वाळूत त्यांनी केलेले काम अजून उभे आहे. मी तरी त्यांना त्या कामाने ओळखू इच्छितो.

पुढच्या पिढीत असे दोन संत एकाच आवारात राहिले. हरचंदसिंग लोंगोवाल हे कीर्तन आणि कथा करणारे मृदू स्वभावाचे प्रचारक. आणीबाणीविरुद्ध अकालींनी ९ जुलै १९७५ ला सुरू केलेला मोर्चा चालवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९८० पासून ते अकाली दलाचे अध्यक्ष होते. जर्नैलसिंग भिंद्रनवाले १९७७ मध्ये दमदमी टकसाल या धार्मिक शिक्षणसंस्थेचे प्रमुख झाले. आरंभी गावोगाव फिरून दारू सोडा, केस राखा, अमृत घ्या असे सांगणारा तो तरुण प्रचारक होता आणि शेकडो घरांनी त्याचे ऐकले. एप्रिल १९७८ मध्ये अमृतसरला निरंकारी पंथाच्या अनुयायांशी झालेल्या संघर्षात १३ शीख मारले गेले आणि त्याच्या भाषेची दिशा बदलली. १९७९ च्या प्रबंधक समितीच्या निवडणुकीत त्याच्या पाठिंब्यावरचे बहुतेक उमेदवार पडले. तरी प्रभाव वाढतच गेला, कारण त्याला मतांची गरज उरली नव्हती. टकसाल, हत्यारबंद अनुयायी आणि ध्वनिफिती एवढे पुरे होते. डिसेंबर १९८३ मध्ये तो अकाल तख्तात राहायला गेला. ज्या जागेवरून प्रत्येक शिखाला, त्यालाही, जाब विचारता यायला हवा होता तीच त्याची गढी झाली. जून १९८४ मध्ये लष्कराच्या कारवाईत ती वास्तू उद्ध्वस्त झाली आणि त्या दिवसांत दर्शनाला आलेली असंख्य निरपराध माणसे मेली. कारवाईचा आदेश देणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण अकाल तख्ताला गढी करणाऱ्या प्रचारकाचीही होत नाही.

लोंगोवाल त्या कारवाईतून जिवंत बाहेर आले आणि यावरून त्यांची निंदा झाली. २४ जुलै १९८५ रोजी त्यांनी राजीव गांधींशी करार केला. महिनाभराच्या आत, २० ऑगस्टला, संगरूर जिल्ह्यातल्या शेरपूरच्या गुरुद्वाऱ्यात त्यांची हत्या झाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत पंजाबने त्यांच्या पक्षाला ११७ पैकी ७३ जागा दिल्या. मात्र २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळायचे ठरलेले चंदीगड पुन्हा मिळाले नाही. शांततेसाठी शब्द देणाऱ्या प्रचारकाची पत दिल्लीने अशी बुडवली, आणि तिचा फायदा पुढची सात-आठ वर्षे बंदुका घेतलेल्यांनी उठवला.

त्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता संतांपेक्षा जथेदार मध्यभागी आले. प्राध्यापक दर्शनसिंग हे विलक्षण गोड गळ्याचे रागी अकाल तख्ताचे जथेदार झाले आणि १९८७ च्या आरंभी त्यांनी सगळ्या अकाली गटांना विसर्जित होऊन एक होण्यास सांगितले. मुख्यमंत्री सुरजितसिंग बर्नाला यांनी नकार दिला तेव्हा त्यांना पंथाबाहेर काढले. १९८८ च्या डिसेंबरात पदच्युत बर्नाला अकाल तख्तासमोर आले, खांबाला बांधले गेले, गळ्यात पाटी घेऊन उभे राहिले, जोडे पुसले. आणि ज्या रागींच्या हुकमाने हे घडले, त्याच दर्शनसिंगांना २०१० मध्ये दशम ग्रंथावरच्या मतांवरून अकाल तख्तानेच पंथाबाहेर काढले. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, प्रकाशसिंग बादल आणि समितीचे तेव्हाचे अध्यक्ष तोहडा यांनी खालसा त्रिशताब्दीपर्यंत भांडण थांबवावे असा हुकूम काढणारे जथेदार भाई रणजितसिंग समितीने हटवले होते.

जथेदाराला नेमते आणि काढते प्रबंधक समिती. समितीत ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्याच नेत्याला जथेदार जाब विचारणार. २०१५ मध्ये याचे फळ दिसले. डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाला अकाल तख्ताने २४ सप्टेंबरला माफी दिली आणि संगत खवळली. बरगाडीला ग्रंथाची विटंबना झाली, बेहबल कलानमध्ये १४ ऑक्टोबरला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि १६ ऑक्टोबरला माफी मागे घ्यावी लागली. जथेदारांना जाब विचारणाऱ्या तख्ताच्या पंज प्याऱ्यांना समितीने निलंबित केले. २०२४ ची तनखा या सगळ्याची भरपाई होती. म्हणून ती सुनावणाऱ्यांना हटवले गेले तेव्हा लोकांना जुनी जखम पुन्हा उघडल्यासारखे वाटले. नवे जथेदार ज्ञानी कुलदीपसिंग गडगज हेही कथावाचक. आनंदपूर साहिबला त्यांचा पदग्रहण सोहळा विरोधाच्या भीतीने पहाटेपूर्वी उरकण्यात आला.

हरप्रीतसिंग यांच्याबद्दल मला वाटते ते सरळ सांगतो. त्यांना राजकारणात यायचा पूर्ण हक्क होता. पण ज्या हुकुमावर त्यांची सही आहे, तो पक्षाच्या नव्या सभासद नोंदणीविषयीही होता, आणि त्या नोंदणीतून निघालेल्या गटाचेच ते अध्यक्ष झाले. न्यायाधीशाने असे करायला किमान काही काळ जायला हवा होता. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पुढच्या प्रत्येक जथेदाराच्या निकालावर मात्र त्यामुळे संशयाची सावली पडते. आणि त्यांना घाईने काढणाऱ्यांनी ती आधीच पाडली होती.

आपल्याकडेही हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. नांदेडच्या हजूर साहिबचा कारभार हैदराबाद राज्याने केलेल्या १९५६ च्या कायद्याने चालतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यात दुरुस्ती करून मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १७ पैकी १२ सदस्य सरकारने नेमण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने मान्य केला, तेव्हा नांदेडपासून अमृतसरपर्यंत विरोध झाला आणि तो थांबवावा लागला. पंजाबात पक्षाचा हात, इथे सरकारचा. मराठी वाचकांनी, विशेषतः नांदेडकरांनी, याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये.

उलट उदाहरणही समोर आहे. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० मध्ये सुलतानपूर लोधीजवळची काली बेईं साफ करायला घेतली. १६० किलोमीटरची ती नदी, गुरू नानकांच्या आठवणीने पवित्र मानलेली, जलपर्णी आणि सांडपाण्याने भरलेली होती. कारसेवेचे हात लागले, गावांनी नाले वळवले, पाणी वाहू लागले. २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने त्यांना राज्यसभेत पाठवले. लुधियानाच्या बुड्ढा दर्याच्या सफाईतही ते उतरले. पक्षाच्या चुकांवर त्यांनी अधिक स्पष्ट बोलावे अशी अपेक्षा पंजाबात अनेकांची आहे आणि ती मला योग्य वाटते. पण त्यांनी दिलेला शब्द कुणीही नदीकाठी जाऊन तपासू शकतो.

तसाच तपास तख्तांचा व्हायचा तर तो संगतीच्या मतांतून. २०२५ मध्ये समितीने जथेदारांच्या नेमणुकीचे, कार्यकाळाचे आणि सेवानिवृत्तीचे नियम करण्याचे ठरवले, ते चांगलेच आहे. पण हे ठरवणारे सभागृह सप्टेंबर २०११ मध्ये निवडले गेले. त्यानंतर सहजधारी शिखांच्या मताधिकाराचा वाद न्यायालयात आणि संसदेत रेंगाळला, मतदारयाद्या रखडल्या आणि हा लेख लिहीपर्यंत सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. या मतदानाला वयाची एकवीस वर्षे लागतात. २०११ मध्ये प्राथमिक शाळेत असलेला अमृतसरचा मुलगा आज त्या वयाचा झाला आहे. दरबार साहिबमध्ये रोज ज्यांची कथा तो ऐकतो, त्यांना नेमणाऱ्यांना निवडण्याची संधी त्याला अजून एकदाही मिळालेली नाही.